वडिलांच्या नावाचा ट्रंक कॉल

माझं पूर्ण नाव कुणी लांबून मोठ्यानं घेतलं, तर मी अजूनही लगेच ओ देत नाही. बँकेत, दवाखान्यात, लग्नात आहेराच्या वेळी, मागचा माणूस कोपरानं ढोसतो, "अहो, तुम्हालाच बोलावतायत." मला ऐकू आलेलं असतं. मी आधी बोलावणाऱ्याच्या तोंडाकडं बघून घेतो, मग उठतो. ही सवय नागपूरची.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी कोल्हापुरात ऑइल इंजिनांच्या एका कारखान्यात होतो. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो, शाळा तिथंच सुटली. चुलत्यानं मला कारखान्याच्या दारात आणून सोडलं. आधी झाडलोट, मग ओतकाम घासणं, मग फिटरच्या हाताखाली. एकदा मोठे साहेब माझ्यामागं येऊन उभे राहिले. मी एका शेतकऱ्याला इंजिन उघडून दाखवत होतो. साहेब एवढंच म्हणाले, "याला बाहेर पाठवा. माणसाशी नीट बोलतो." त्या एका वाक्यावर माझं घर उभं राहिलं, लग्न झालं, अंगावर इस्त्रीचा शर्ट आला. त्यामुळं साहेबांनी काही सांगितलं की माझ्या तोंडून 'नाही' निघत नसे. मान आपोआप डोलायची.

त्यांनी सांगितलं, नागपूरला डीलर लोकांची कॉन्फरन्स आहे, तीन दिवस. नवीन मॉडेल चालवून दाखवायला तू चल. माझी मान डोलली.

बायको त्या वेळी माहेरी होती, गारगोटीच्या पुढं एका खेड्यात. दिवस भरत आले होते. आणि ही दुसरी खेप होती.

पहिल्या खेपेला मी परभणीकडं इंजिनं दुरुस्त करत हिंडत होतो. मुलगी झाली आणि त्याच दिवशी गेली. तार माझ्या मागं गावं बदलत राहिली. मी पोचलो तेव्हा सासऱ्यांच्या शेताच्या बांधाला सारखी केलेली माती तेवढी होती. बायको भिंतीकडं तोंड करून निजली होती. तिनं मला दोष दिला नाही. पुढं कितीतरी महिने ती माझ्याशी बोलली ते एवढंच, "वाढू का?" मुलीचं तोंड मी पाहिलंच नाही. न पाहिल्यामुळं एक झालं, कुठलंही तोंड तिचं होऊ शकायचं. एस.टी.त पुढच्या बाकावरच्या बाईच्या खांद्यावरून एखादं तान्हं माझ्याकडं टक लावून बघायला लागलं की मी खिडकीबाहेर बघत बसे.

तर नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी मी सासुरवाडीला गेलो. बायको म्हणाली, "जावा. साहेबांचं मन मोडू नका." आणि वाकळ शिवत राहिली. मेहुणा गावच्या सोसायटीत कारकून होता, गावातला एकुलता फोन त्याच्या टेबलावर असायचा. त्यानं मला बाहेर ओसरीवर घेतलं.

"दाजी, तारेचा भरवसा न्हाई. आपन पी.पी. कॉल लावायचा."

पी.पी. म्हणजे ठरावीक माणसासाठी लावलेला ट्रंक कॉल. तो माणूस जागेवर नसेल तर बोलणं होत नसे, आणि बोलण्याचे पैसेही पडत नसत. त्या काळी अर्धा महाराष्ट्र याच वाटेनं फुकटात निरोप धाडत असे.

"सगळं ब्येस झालं," मेहुणा म्हणाला, "तर मी हाटेलात नसल्याल्या मानसाच्या नावानं लावनार. हाटेलवाला नाव पुकारून म्हननार, असं कोन न्हाई हितं. झालं! निरोप पोचला, पैसं वाचलं."

"आणि बरंवाईट झालं तर?"

"तर तुमच्या नावानं लावनार. मग घ्या आनि बोला."

आता नसलेला माणूस कोण? मला ऐकताक्षणी कळलं पाहिजे असं नाव हवं. मी वडिलांचं नाव सांगितलं. दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "गेल्यालं मानूस फोनावर कशापायी बोलावताय?"

"चांगल्या बातमीलाच बोलावतोय की, मामी," मी म्हणालो.

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

म्हणजे मी नागपूरला निघालो तो असा, की मेलेल्या वडिलांना कुणी बोलावलं तर माझं घर जगलं, आणि मला बोलावलं तर बुडालं.

पुण्याला गाडी बदलून नागपुरात उतरलो तेव्हा सकाळची कडाक्याची थंडी होती. सगळा फलाट संत्र्याच्या करंड्यांनी भरलेला. सायकल रिक्षावाला म्हणाला, "कुठं जाचं जी?" तेव्हा ते मराठी आहे हे कळायलाच मला एक क्षण लागला. घरापासून किती लांब आलोय हे रेल्वेत नाही, त्या 'जी'मध्ये कळलं.

सीताबर्डीच्या मागं एक दुमजली हॉटेल होतं. मध्ये फरसबंद अंगण, एका अंगाला सभेचा हॉल, आणि दाराशी काउंटर. काउंटरवर काळा फोन. त्यामागं गळ्याला मफलर गुंडाळलेले एक म्हातारे मॅनेजर बसलेले. त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

"पूर्ण नाव लिहा जी. बापाचं बी. पोलीस पाहाले येते कधी कधी."

मी लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव. लिहिताना माझी नजर फोनवरच.

खोलीत माझ्याबरोबर काटोलचा एक डीलर होता. संत्र्याची बाग, बाजारात इंजिनांचं दुकान, आणि देह असा की खाट आधीच कण्हायची. मला बघून तो म्हणाला, "कोल्हापूरचे तुम्ही? अन् असे काडीवानी? आमाले वाटलं तिकडं सारे पैलवानच रायते."

"पैलवानाचा हात इंजिनात जात नाही," मी म्हणालो.

तो एवढा हसला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत वाजवली. "वा गा! संध्याकाळी सावजीचा रस्सा पाजतो तुमाले. तुमचं कोल्हापूर घामानं वाहून जाईन."

माणूस चांगला होता. पण मला हसायला जमत नव्हतं.

कारण कॉन्फरन्स म्हणजे नावं पुकारण्याचाच कार्यक्रम असतो, हे मला माहीत नव्हतं. छातीवर लावायचा बिल्ला घ्यायला नाव पुकारलं. कारखान्याच्या मंडळींची ओळख करून द्यायला माइकवरून नाव पुकारलं. गुलाबाचं फूल द्यायला पुन्हा पुकारलं. दर वेळी मी पुकारणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचो. तो हसतोय ना? मग ठीक. मग उठायचो. साहेबांना वाटलं मी बुजलोय. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अरे, ही सगळी आपलीच माणसं आहेत."

दर सुट्टीत मी काउंटरवर जाऊन उभा राहायचो. भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचो. फोन वाजला की कुणाचं नाव येतंय ते ऐकायचो. कापडाचे व्यापारी, कुणी कंत्राटदार, कुणी उमरेडचा खाणीतला माणूस. मॅनेजरांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं, "कोणाची वाट पाहून राहिले जी?"

"काही नाही. सहज."

"सहज कोणी इतकं उभं रायते का? घरचा फोन येनार आहे?"

मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मलाच सांगता येणार नाही. आमची ती युक्ती त्यांना कशी सांगणार? सरकारच्या फोनखात्याला फसवायचं, ते नव्या माणसाला तोंडानं सांगायचं धाडस मला झालं नाही.

"आला तर चुकू देनार नाही," ते म्हणाले. "बसा निवांत. चहा घ्या."

त्या दिवशी दुपारनंतर मला वडील दिसायला लागले. भूत वगैरे नाही. पण मनात असं यायचं, की आपण त्यांना बोलावलंय, म्हणजे ते निघाले असतील. कोल्हापूरच्या बाजाराच्या पलीकडं ते कधी गेले नव्हते. रेल्वेत त्यांनी पाय ठेवला नव्हता. आता या थंडीत डोक्याला टॉवेल गुंडाळून, कुठल्यातरी फलाटावर उभं राहून विचारत असतील, नागपूर हेच का? हॉलच्या शेवटच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. मंचावर कुणीतरी विक्रीचं काही सांगत होतं आणि मी मान वळवून वळवून त्या खुर्चीकडं बघत होतो. लवकर या हो, असं मी मनात म्हणत होतो. गेलेल्या माणसाची इतक्या कळवळून वाट मी त्यांच्या दहाव्यालाही पाहिली नव्हती.

काटोलच्या डीलरनं संध्याकाळी रस्सा पाजला. मी तो पाण्यासारखा प्यालो. तो बघतच राहिला. "काहून गा, तुमाले चव लागून राहिली का नाही?"

तेव्हा मी त्याला अर्धं सांगितलं. बायको बाळंत व्हायची आहे, एवढं. तो माझ्या पानात भाकरी टाकून म्हणाला, "होते सारं बरोबर. उद्या फोन आला का पहिले पेढे मी आणीन. अन् परवा माझ्या बागेत चला. पोराच्या नावानं संत्र्याचं एक कलम लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाळी होती. अंगणात इंजिन मांडलं होतं. डीलर लोक कोंडाळं करून उभे, पुढं साहेब. मी हँडल मारलं, लिव्हर सोडली, इंजिनानं एकदा काळा धूर ओकला आणि ते लागलं. त्या बंदिस्त अंगणात आवाज असा घुमला की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. मला बरं वाटलं. प्रवासाला निघाल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. त्या आवाजात कुणी नाव पुकारू शकत नव्हतं.

मी मान वर केली तर कोंडाळ्याच्या मागं मॅनेजर उभे. मफलर सुटून लोंबत होता. ते मला काहीतरी ओरडून सांगत होते. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग त्यांनी हाताची मूठ कानाला लावली. फोन. आणि माझ्याकडं बोट केलं.

माझ्याकडं. म्हणजे माझ्या नावानं.

इंजिन तसंच सोडून मी निघालो. डीलरांनी वाट दिली. साहेब काहीतरी म्हणाले असतील. अंगण ते काउंटर एवढंसं अंतर, पण ते मला आजही चालावं लागतं. बांधावरची माती, भिंतीकडं वळलेली पाठ, सगळं त्या एवढ्याशा वाटेवर उभं होतं. मी मनात बायकोशी बोलत होतो, एवढ्या खेपेला राहा, एवढ्या खेपेला.

रिसीव्हर काउंटरवर आडवा पडला होता. मी उचलला. "हॅलो."

पलीकडं खरखर. मग मेहुण्याचा आवाज, दचकलेला. "कोन? दाजी? तुमी कशाला घेतलासा फोन?"

"मला बोलावलं म्हणून घेतला."

"आवो, तुमच्या नावानं न्हाई लावला! थोरल्या मामांच्या नावानं लावलाय. तुमच्या वडलांच्या!"

मी मॅनेजरांकडं पाहिलं. ते धापा टाकत माझ्यामागं आले होते. त्यांना वाटलं मी त्यांना काही विचारतोय. म्हणाले, "ऑपरेटरनं ते नाव घेतलं जी. मी रजिस्टर पाहिलं. तुमच्या नावात तेच तर होतं, आडनाव बी तेच. मी म्हटलं, आहेत, आहेत, इथंच आहेत. बोलावतो."

आहेत, इथंच आहेत. माझ्या वडिलांबद्दल असं कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ हसू आलं. वडिलांच्या नावानं फोन, म्हणजे चांगली बातमी! मी तिथं काउंटरला धरून हसलो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मग सगळं ठीक?" मी ओरडलो. अंगणातलं इंजिन चालूच होतं.

"ठीक हाय म्हनून तर त्या नावानं लावला."

"अरे मग सांग ना, पोरगा की पोरगी?"

पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. पण खरखर होती, आणि खरखरीच्या आत श्वास होता. त्या युक्तीत 'ठीक' होतं, 'नाही' होतं. या प्रश्नाचं उत्तर कुणी ठरवलंच नव्हतं, कारण हा प्रश्न विचारायला मी फोनवर येणारच नव्हतो.

ऑपरेटर बाई मध्येच बोलली. "तीन मिनिटं होत आली. वाढवायचं का?"

"वाढवा," मी म्हणालो.

मग मेहुणा रडायला लागला. पोरगा झाला होता. काल दिवस मावळताना. रडलाच नाही तो. सुइणीनं उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, कांद्याचा वास दिला.

"आणि ती?"

"ताईचं रगत लई गेलं, पन आता धोका न्हाई. डॉक्टर येऊन गेला. पन दाजी, ती डोळंच मिटत न्हाई. आढ्याकडं बगत पडलीया. कुनाशी बोलत न्हाई."

"मग वडिलांच्या नावानं का लावलास?"

"घरातली मानसं म्हनाली. पावणं लांब हाईत, साहेबाम्होरं हाईत. येऊन तरी काय करनार, माती झालीच हाय. दोन दिस सुखानं काम करू दे त्यास्नी." मग हळू आवाजात, "मला फोनवर खोटं बोलता येत न्हाई म्हनून मी म्हनलो, पी.पी.च लावतो. तुमी यायलाच नको हुतं फोनवर."

मी रिसीव्हर ठेवला. मॅनेजर माझ्या तोंडाकडं बघत होते. "माझ्यानं चुकलं का जी?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही बरोबर बोलावलंत."

त्यांना ते समजलं नसावं. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं.

एका गोष्टीचा विचार मी पुढं आयुष्यभर केला. त्यांनी फोनवर 'असं कोणी नाही' म्हटलं असतं तर? मग सुट्टीत काउंटरवर विचारलं तेव्हा मला कळलं असतं, वडिलांच्या नावाचा फोन येऊन गेला. मी पेढे वाटले असते. संध्याकाळी गांधीबागेच्या कापडबाजारात जाऊन झबल्याचं मऊ कापड घेतलं असतं. काटोलच्या बागेत कलम लावून हात धुतले असते. असा एक माणूस, माझ्याच तोंडाचा, दोन दिवस नागपुरात आनंदानं फिरला असता. मला वाटतं तो तिथंच राहिलाय. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. पुढं कामासाठी मी अनेकदा नागपूरला गेलो, पण गांधीबागेच्या गर्दीत जायचं टाळलं. काखोटीला कापडाचं पुडकं धरून तो समोरून आला तर त्याला काय सांगायचं?

अंगणात इंजिन बंद झालं. साहेब आत आले. त्यांना मॅनेजरांनीच काहीतरी सांगितलं असावं. ते माझ्यासमोर उभे राहिले. मी उठलो. जन्मात पहिल्यांदा मला त्यांच्याकडं काही मागायचं होतं.

"उद्याचं कोण बघणार?" ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःशीच.

माझी मान नेहमीसारखी डोलायला लागली होती, की हो, थांबतो, उद्याचं करूनच जातो. तेवढ्यात काटोलचा डीलर मागून आला. "काहून उभे आहात गा? गाडी दुपारची आहे ना? साहेब, उद्या इंजिन मी चालवतो. बिघडलं तर खर्च माझ्या दुकानाच्या नावावर लावून देजा."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "जा," ते म्हणाले. त्या एका शब्दात राग होता की दया, मला कळलं नाही. मी त्यांच्या पाया पडलो. ते पाय मागं घेत म्हणाले, "अरे, हे काय."

स्कूटरवर मागं बसवून डीलरनं मला स्टेशनात सोडलं. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजावर त्यानं हात ठेवला आणि थोडं अंतर बरोबर चालला.

सासुरवाडीत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ओसरीवरची माणसं मला बघून उभी राहिली, एकमेकांकडं बघायला लागली. मेहुणा खाली मान घालून होता. सासूबाई खोलीच्या दारात आडव्या आल्या. "बाळंतिणीच्या खोलीत पावण्यांनी जायचं नसतंय." एवढं म्हणून त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, आणि मग बाजूला सरल्या.

आत अंधार होता. शेकाचा, ओव्याचा वास, आणि तो वास घ्यायला मूल नव्हतं. ती खाली वाकळेवर उताणी पडली होती, डोळे आढ्याला. मी तिच्या उशाशी भुईवर बसलो. तिनं मान न वळवता विचारलं,

"काम झालं?"

"न्हाई. मधनंच आलो."

"साहेब रागावलं असतील."

"असतील."

तिनं मान वळवली. माझ्या चुरगळलेल्या शर्टाकडं, दाढीच्या खुंटांकडं बघितलं. मग भिंतीकडं थोडी सरकली आणि वाकळेवर एका माणसापुरती जागा झाली. मी आडवा झालो. बाहेर ओसरीवर कुणीतरी कुजबुजलं, "बोलली, बोलली." तिचा हात माझ्या मनगटाला होता, गार, आणि एवढा घट्ट की मला हलता येईना. हळूहळू तिचे डोळे मिटले. ती खरंच झोपलीय का, हे बघत मी तसाच पडून राहिलो.